ओसरीतला पडदा

प्रिय सगुणा,

तुझा पत्ता आता कुणालाच ठाऊक नाही, तरी लिहितो. आपल्या तृप्तीचं ऑपरेशन नीट झालं. तिच्या हृदयाच्या डाव्या अलिंदात जन्मापासून एक जास्तीचा पडदा होता, तो डॉक्टरांनी कापून काढला. संस्कृतात अलिंद म्हणजे ओसरी. तुमच्याकडे बायकांना ओसरीतसुद्धा आडोसा लागायचा, म्हणजे वळण तुझ्या माहेरचंच.

डॉक्टर म्हणाले, "आईलाही बहुधा हेच असावं. वेळीच कळलं असतं तर वाचल्या असत्या." तुझ्या वेळी सगळे दमाच म्हणत राहिले.

परतूर स्टेशनचा पूल चढताना तुला धाप लागली, की मी गुडघा धरून थांबायचो. तू म्हणायचीस, "काय हो शास्त्रीबुवा, आत्ताच गुडघे गेले तुमचे?" तेवढ्यात तुझा श्वास जागेवर यायचा.

परवा तपासणीहून परतताना तृप्ती तो पूल एका दमात चढली. मी सवयीनं मधेच गुडघा धरला. ती वरून म्हणाली, "बाबा, कामून थांबून राह्यले? मला न्हाई लागत आता धाप."

खरंच नाही लागत. तरी तुझा श्वास जागेवर येईपर्यंत माझं पाऊल उचलेना.

तुझा, धडधाकट गुडघ्यांचा,
कल्याण