साहेबांची काळी शेगडी

१ मे १९४४, सोमवार
इंजिनिअर टर्नबुल साहेब महिनाभर महाबळेश्वरास गेले. खानसामा चांदसाहेब सोबत. जाताना बंगल्याची किल्ली मला दिली आणि बंगला-कचेरीच्या सामाईक आवारातल्या लोखंडी शेगडीकडे बोट करून म्हणाले, "टेक केअर." एवढे रस्ते, दोन रोलर, अठरा मुकादम, त्यांबद्दल चकार शब्द नाही. शेगडी! याला म्हणतात विश्वास. मी हंगामी हेडक्लार्क. कायम करण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून आहे. किल्ली चारदा खिशात चाचपली. सवय असावी.

२ मे
शेगडी जवळून पाहिली. चार पाय, वर जाळी. साहेब हिच्यावर मटण भाजतात. मी शाकाहारी, म्हणून माझी नजर निःपक्षपाती. सगळी काळीकुट्ट, तेलकट. चांदसाहेबाने सहा वर्षांत एकदाही घासली नाही! साहेब परततील तेव्हा जाळी आरशासारखी हवी. ठरले.

५ मे
झाडलोटीच्या धोंडुबाईला चिंच आणि राख आणायला सांगितले. म्हणाली, "आवं आण्णा, लोखंड हाय ते. भाकरीचा तवा कुनी चिंचनं घासतंय व्हय?" मी म्हणालो, आमच्या देवाचे ताम्हन चिंचेनेच लखलखते. "मग ताम्हनात भाजा की भाकरी." उद्धट बाई. जन्मात तवा हातात धरला नाही, म्हणून काय मला धातू कळत नाहीत?

८ मे
तीन दिवस घासणे. काळा थर पापुद्र्यांनी सुटला. आतून रुपेरी! धूळ बसू नये म्हणून संध्याकाळी वर ओले गोणपाट टाकले. कल्पना माझी.

९ मे, सकाळी सात
गोणपाट काढले. शेगडी केशरी.

सव्वासात
पुन्हा पाहिली. केशरीच.

१२ मे
पुन्हा चिंच. पुन्हा गंज, पहिल्यापेक्षा जोमदार. धोंडुबाई झाडू टेकून नुसती बघते. ते जास्त वाईट.

१५ मे
भीती वगैरे काही नाही. जेवण जात नाही, आणि रस्त्यावर मोटार वाजली की मी दप्तराच्या खोलीत जाऊन कडी लावतो, एवढेच.

१७ मे
साहेबांचे पत्र. फोडायला हात धजेना. शेवटी बायकोने फोडले. गुलाबांना पाणी घालावे, असा मजकूर. शेगडीचा उल्लेख नाही. मुद्दाम नसणार. तासभर पडून राहिलो.

२० मे
आष्ट्याच्या बाजारातून काळा रंग आणला, दारांना देतात तो. दोन हात दिले. हुबेहूब! सुरुवातीपासून हेच करायचे माझ्या मनात होते.

३१ मे
साहेब आले. लांबूनच पाहून "गुड" म्हणाले. उगाच महिनाभर घाबरलो. म्हणजे घाबरलो नव्हतोच.

१ जून
दुपारी साहेबांकडे पाहुणे. कोळसे पेटले. रंगाला फोड आले, ते फुटले, मग धूर. मडमा डोळे चोळत पडवीत पळाल्या. मटणाला नव्या दाराचा वास. साहेबांनी विचारले, हे कोणी केले? मी खरे सांगायलाच तोंड उघडले होते. बाहेर पडले, "धोंडुबाईने." ती तिथेच झाडू घेऊन उभी. माझ्याकडे बघून म्हणाली, "बोला की आण्णा." मी चष्मा पुसला. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले.

२ जून, सकाळी सात
आज आठ वाजता साहेबांना सगळे सांगणार. माणसाने निर्भय असावे.

साडेआठ
गेलो. साहेब दाढी करीत होते. हातात वस्तरा. पलूसच्या रस्त्यावरच्या मोरीबद्दल बोललो आणि परत आलो.

३ जून
गेलो. वस्तरा नव्हता. रोलरबद्दल बोललो. धोंडुबाई फाटकाबाहेर दगडावर बसली होती. मी मागच्या दाराने आलो. तिकडून सावली असते.

५ जून
धोंडुबाईने चांदसाहेबाला सांगितले, चांदसाहेबाने साहेबांना. बोलावणे आले. साहेब ओरडले असते तर बरे झाले असते. नुसता एक कागद पुढे सरकवला. क्षणभर वाटले, कायम झालो. वाचले: धोंडुबाईस कामावर परत घ्यावे. शेगडी पूर्वीसारखी काळी होईपर्यंत हेडक्लार्कने रोज एक तास धोंडुबाईच्या हाताखाली काम करावे. कायम करण्याचे त्यानंतर पाहू. किती दिवस लागतील, असे मी हळूच विचारले. चांदसाहेब छताकडे बघत म्हणाला, "छे साल की मेहनत थी, साब."

६ जून
रंग खरवडला. जाळी कोळशावर तापवून बोकडाची चरबी फडक्याने चोळली. नाक धरावे तर हात चरबीचे. धोंडुबाई पदर खोचून मागे उभी. सगळे कारकून खिडकीत.

"आण्णा, त्यो कोपरा ऱ्हायला."

माझ्या तोंडून निघाले, "यस सर."