रिंगमधला पाहुणा

२ जून
आले एकदाची. वरच्या मजल्यावरची खोली, एक टेबल, एक खिडकी आणि घरमालकिणीची मांजर. तिला मी बघताक्षणी आवडले नाही. नोकरी मात्र झकास. खोक्यात इवल्याशा खोल्या बनवणाऱ्या हौशी लोकांच्या साइट्स एका वेबरिंगमध्ये जोडल्यात. प्रत्येकीच्या तळाशी ‘पुढे’चं बटण. दाबत राहिलं की सगळ्यांकडे डोकावून माणूस फिरून रिंगच्या पहिल्या पानावर येतो. एकाकडे आलेला पाहुणा सगळ्यांकडे जातो. ही रिंग आता मी सांभाळायची. आधीचे आजोबा डोळ्यांमुळे थांबले.

५ जून
धाकट्या बहिणीने माझी हीच खोली खोक्यात बनवून पाठवली. टेबल, खिडकी, मागे बंद दार, नखाएवढ्या कडीसकट. लाडोबा मांजरसुद्धा विसरली नाही. त्या इवल्या खोलीचा फोटो रिंगच्या पहिल्या पानावर लावला. धाकटीच्या साइटकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून तिला पहिल्या पानाच्या अगदी आधीची जागा दिली.

९ जून
साफसफाई केली. रिंगमध्ये सलग कितीतरी साइट्स बेवारस: रिकाम्या खोल्या, उघडी दारं. आकडेवारीत एक पाहुणा सारखा तिथेच घुटमळताना दिसतो. यंत्राची चूक असणार. सगळ्या काढल्या, टोकं जोडली. नव्यांना आपापलं जोडून घेता यावं, असं बटणही पहिल्या पानावर लावलं. आजोबांना विचारायचं राहिलं.

११ जून
इवली स्वयंपाकघरं बनवणाऱ्या काकूंचा मेल. त्यांच्या फोटोत दार उघडं आहे आणि कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं उभं आहे, ही कसली थट्टा, असं त्यांनी रागानेच विचारलंय. मी काहीच केलेलं नाही.

१२ जून
काकूंच्या सुनेने कळवलं की काकू ओट्याशी होत्या, आता घरात नाहीत. चपला दारातच आहेत. फोटोतलं स्वयंपाकघर रिकामं. दार उघडं.
तो पाठमोरा आता पुढच्या साइटवर, घड्याळवाल्यांच्या इवल्या दुकानात. त्यांना फोन लावला. नुसता वाजत राहिला.

१३ जून
आजोबांना फोन केला. म्हणाले, त्या रिकाम्या साइट्स त्यांनीच बनवल्या होत्या, त्या पाठमोऱ्याला गुंतवून ठेवायला. रिंग मोडायची नाही, मोडली की तो सगळ्यांकडे एकदम जातो. पहिलं पानही काढता येत नाही, रिंग त्यावरच उभी आहे. मला रडू आलं. धाकटीला मीच त्याच्या वाटेत बसवलं.

१४ जून
रिकाम्या साइट्स धाकटीच्या आधी परत लावल्या. तो थांबतच नाही. एकीतून दुसरीत — आता त्याला माणसं ठाऊक झालीत.
तिला फोन केला. हसली. पाहुणे वाढले म्हणून खूश होती.

दुपार
तिची साइट काढली. आता त्याच्या पुढे पहिलं पान, म्हणजे मीच. पण ती सुटली.

संध्याकाळ
पहिल्या पानावरचा फोटो. टेबलाशी कुणीतरी बसलंय. मी. धाकटीने मला बनवलं नव्हतं —
मांजर पलंगाखाली. फोटोतली कडी निघाली. माझी मी लावलीय. लावलीच आहे. वळून बघणार नाही.
धाकटीचा मेसेज. ताई, माझी साइट गेली कुठे म्हणून विचारते. नव्या बटणावरून तिने परत जोडून घेतली म्हणे. आता तुझ्या लगेच पुढे —
नको. आधी तिची साइट काढू दे, तेवढं एक, मग मला —
मागे कडी —