मावशींची पेन्शन कुणाच्या हाती द्यावी

सर, तुमच्यावर मी कधी रागावले नाही. तुम्ही होतात तेव्हा तेवढी हिंमत नव्हती, आणि गेलेल्या माणसावर काय रागवायचं, म्हणून पुढेही राहून गेलं. पण यंदा आमच्या शाळेत पेन्शनचा विषय निघाला आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. आमची वसमतची शाळा विनाअनुदानित. पगार होतो तेव्हा होतो, निवृत्तीनंतर मात्र काहीच नाही. उन्हाळ्यात सरकारनं नवी पेन्शन सगळ्यांसाठी खुली केली, तेव्हा स्टाफरूममध्ये लग्नघरासारखी गडबड उडाली. आपणच दर महिन्याला पैसे भरायचे. ते सांभाळणारी कंपनी आपणच निवडायची. त्यातले शेअरमध्ये किती, कंपन्यांच्या रोख्यांत किती, सरकारी रोख्यांत किती, हेही आपणच सांगायचं. शेअरमध्ये निम्म्याच्या वर टाकता येत नाही. मी गणित शिकवते, म्हणून सगळे माझ्याकडेच येऊ लागले. "मॅडम, कोणती कंपनी घेऊ?" सगळ्या कंपन्या या कामाला नव्या, कुणाचा मागचा हिशेब बघावा तर तो नाही. आणि शेअरबाजार मागच्याच वर्षी असा आपटला होता की नांदेडला शिकलेले लोकसुद्धा त्याचं नाव काढत नव्हते.

मी दहावीला तुमच्या घरी राहिले ते वर्ष आठवतं. दिवाळी झाली की आमचे लोक मेंढरं घेऊन निघायचे, आणि मीही निघाले असते. तुम्ही आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्या वडिलांना गाठलंत. वडील म्हणाले, "गुरुजी, पोरगी शिकून काय करून राहिली? मेंढरामागं माणूस कमी पडतंय." तुम्ही म्हणालात, "माझ्या भरोशावर ठेवा. वाया गेली तं माझ्या घरी येऊन मला इचारा." वडिलांनी खांद्यावरची घोंगडी काढून तुमच्या हातात दिली, थंडीत पोरीला लागंल म्हणून. मी तुमच्या स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून अभ्यास करायची. काकू भाकरी थापत असायच्या आणि तुम्ही दारात बसून माझी वही बघायचात. एकदा चक्रवाढ व्याजाचं उत्तर माझं अचूक आलं होतं, पण मधल्या पायऱ्या मी अंदाजानं मारल्या होत्या. तुम्ही सबंध पानावर काट मारलीत. मी रडकुंडीला आले. "उत्तर बराबर हाय की सर!" "उत्तर बराबर आलं म्हणून गणित बराबर होत न्हाई," तुम्ही म्हणालात. "नशिबानं आलेलं उत्तर हाय हे. पुन्हा कर." काकू तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आधी जेवू द्या लेकराला." तुम्ही जेवू दिलंत, पण गणित पुन्हा करायला लावलंतच.

पुढे नांदेडला जायचं ठरलं तेव्हाही तुम्हीच म्हणालात, जा. बी.एड.ला नंबर लागला तेव्हाही तेच. माझ्या आयुष्यात जे चांगलं झालं त्यात थोडा धोका होता, आणि तो तुम्ही घ्यायला लावलेला होता. त्यामुळे तुम्ही निवृत्त झालात आणि हाती आलेली सगळी रक्कम सागवानाची झाडं लावणाऱ्या त्या कंपनीत टाकलीत, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. तुम्ही मला रंगीत कागद दाखवलात. त्यावर झाडांच्या सरळ रांगा होत्या. "बँक काय देते? झाडाला व्याज शिकवावं लागत न्हाई," तुम्ही म्हणालात आणि किती खुशीत हसलात. मीही हसले. झाडं कुठे आहेत, कुणी पाहिलीत का, हे मी विचारलं नाही. ज्या माणसानं मला पायरीपायरीनं गणित करायला शिकवलं, त्यानं पायऱ्या केल्याच असतील, असं मी धरून चालले.

कंपनीच्या नांदेडच्या ऑफिसला कुलूप लागलं त्या वर्षी मी दोन नोकऱ्यांच्या मध्ये अडकले होते. एक ही वसमतची, लगेच मिळणारी, पण अनुदान नसलेली. दुसरी लांबची, अनुदानित. जागा निघाली तर निघाली, नाही तर एकदोन वर्षं घरी बसायचं. मी तुमच्याकडे आले. तुम्ही ओट्यावर बसला होतात, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं.

"सर, काय करू?"

"मला इचारू नको."

"तुमाला न्हाई इचारू तं कोणाला इचारू?"

"कोणालाबी इचार. मी आता कोणाला काही सांगत न्हाई."

मला वाटलं तुम्ही थोड्या वेळानं बोलाल. काकूंनी चिवडा आणून ठेवला, तो मी खाल्ला, एसटीची वेळ झाली, आणि तुम्ही बोलला नाहीत. मी वसमतची नोकरी धरली. आज माझ्यामागे पेन्शन नाही त्याचं मूळ त्या दुपारी आहे, आणि इतकी वर्षं मनात राहिलेला राग तो हाच. पैसे बुडाले ते तुमचे होते, सर. तुम्ही मात्र मला त्या दिवशी ओट्यावरून एकटीलाच परत पाठवलंत. पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात.

आता आमच्या शाळेच्या मावशींचं सांगते. त्या घंटा देतात, पाणी भरतात, वर्ग झाडतात. घरी थोडी कोरडवाहू जमीन आहे, नवरा नाही, मुलगा लग्नानंतर वेगळा राहतो. सगळ्यांचं विचारून झाल्यावर एक दिवस त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, मलाबी त्यात घेता का? मला कंपनीबिंपनी काही समजत न्हाई. तुमी सांगाल तिथं टाकीन." 'मला इचारू नको' हे तुमचं वाक्य एकदम माझ्या तोंडावर आलं. ते मी गिळलं, त्यांना बाकावर बसवलं आणि सांगू लागले. शेअर म्हणजे चढणार, पडणार, पण लांबच्या पल्ल्यात बहुधा जास्त देणार. सरकारी रोखे म्हणजे सावकाश, पण झोप लागेल. त्या मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ते समदं बराबर. पण तुमी सांगा."

मी म्हणाले, थांबा, आणि रविवारी काकूंकडे गेले. काकू थकल्यात, पण स्वतःचं स्वतः करून खातात. तुमची अर्धी पेन्शन त्यांना मिळते. त्यांनी खाटेवरची माझ्या वडिलांची ती घोंगडी सारून मला जागा केली. मी मावशींचं सांगितलं. काकू ऐकून म्हणाल्या, "त्यांनी जे सोताहून निवडलं ते गेलं. जे सरकारनं बिनइचारता दिलं त्याच्यावर मी जगून राहिले." मग घोंगडीची घडी घालता घालता म्हणाल्या, "पैसे गेल्याचं दुःख न्हाई ग. माझंबी म्हातारपण होतं त्याच्यात. मला एका शब्दानं इचारलं न्हाई." त्या तुमच्याविषयी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान खाली घालून बसले, जणू न विचारणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, सगळं सरकारी रोख्यांत टाका. कंपनीही त्यातल्या त्यात जुन्या घरची, सरकारी बँकेच्या पाठबळाची निवडून दिली. स्वतःचा पाव हिस्सा मी शेअरमध्ये टाकला. आमच्या विज्ञानाच्या तरुण सरांनी बेधडक निम्मे टाकले, तेव्हा मी त्यांना टोकलंसुद्धा. मावशींना निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. तेवढ्या अवधीत थोडा धोका परवडला असता का, महागाईपुढे नुसते रोखे पुरतील का, हे मी मांडून बघायला हवं होतं. वर्गात मुलांकडून मी तेवढं करून घेते. मावशींसाठी केलं नाही. त्यांचं उत्तर काढताना माझ्यासमोर तुमची वाढलेली दाढी होती, बस्स.

आणि बाजार वर गेला, सर. पावसाळा सरता सरता असा चढला की विज्ञानाचे सर रोज वर्तमानपत्र घेऊन येऊ लागले. दिवाळीनंतर त्यांनी आपले किती वाढले ते सगळ्यांना ऐकवलं. मावशी दारात खडूचा डबा घेऊन उभ्या होत्या. सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मॅडम, त्यांचे वाढले. माझे काहून न्हाई वाढले?"

"तुमचे पण वाढलेत, मावशी. थोडे. पण पडणार नाहीत असे."

"मग मला काहून न्हाई सांगितलं त्याच्यात टाकायला? गरिबाला कमीच बरं, व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तकलीफ होती, आणि मला ती रागापेक्षा जड गेली. मला तेव्हा कळलं की धोक्याचं सांगितलं तर त्याची जबाबदारी, जपून राहा सांगितलं तर त्याचीही. तुम्ही ओट्यावर गप्प बसलात त्याची मला त्या क्षणी थोडी ओळख पटली. माफी नव्हे, नुसती ओळख. मावशींनी विचारलं, "आता बदलता येतं का?" वर्षातून एकदा येतं. मी म्हणाले, बदलू. पाव हिस्सा शेअरमध्ये टाकू, माझ्यासारखं.

हे पत्र काकूंना वाचून दाखवावं असं लिहायला बसताना मनात होतं. दाखवणार नाही. तुम्ही त्यांना विचारायला हवं होतं ते एक वाक्य यात नाही, आणि ते तुमच्या वतीनं लिहायचा हक्क मला नाही. मी ते माझ्याच कपाटात, साड्यांच्या खाली ठेवेन. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं: मावशींचा पाव हिस्सा मी हिशेब करून ठरवला नाही. आकडे मी नंतर मांडले, तोवर शब्द देऊन बसले होते. कदाचित ते बरोबरही निघेल. पण मी होकार दिला तो मावशींची नाराजी मला बघवेना म्हणून. बाजार चढतोय तोवर त्या मधल्या सुटीत न मागता माझ्यासाठी चहा घेऊन येतात, आधी माझा, मग मुख्याध्यापकांचा. आणि मला तो गोड लागतो, सर.