पेल्यातला गाळ

दि. ४ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तिकडचं विचारायचीच भीती वाटते. काल आमच्याकडे फिल्टरवाला येऊन गेला. त्याने दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या. बघता बघता नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ, किळस यावी असा. यंत्राचं पाणी होतं तसंच. आम्ही तरी धडधाकट आहोत, पण बाबा तिकडे तुझ्या हातचं तेच पाणी पितात. गेल्या महिन्यात पोट बिघडून त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं ते कशाने, हे सांगायला आता ज्योतिषी नको.

चांगला फिल्टर घ्या म्हणून किती वेळा सांगितलं. तुझं एकच पालुपद, मी उकळते की. गाळ उकळला तरी गाळच राहतो, वहिनी. तेच यंत्र तुमच्यासाठी नोंदवलंय. रविवारी माणूस येईल. हे पत्र बाबांना वाचून दाखव. आपण काय पितो ते त्यांनाही कळू दे.

राग मानू नकोस असं लिहीत नाही. खुशाल मान. लोभ मात्र राहू दे.

तुझी नणंद

दि. १२ मार्च

चि. सौ. ठिणगीस,
अ. उ. आ.

बाबांनी तुला हे नाव उगाच नाही ठेवलं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तू सांगितलंस म्हणून शब्द न् शब्द, माझ्याच तोंडाने. ऐकून त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तुझे दादा कामावरून येताना बाटली आणतात, तीच पुरवून पुरवून पितात. ओठ सुकतात, पण मागत नाहीत. इतकी वर्षं त्यांचं पाणी मी उकळलं, गाळलं, निववून उशाशी ठेवलं. पोट बिघडलं ते गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्याने, हे डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते. तूच मान डोलावली होतीस.

रविवारी तुझा माणूस आला आणि इथेही तोच खेळ मांडला. मी डब्यातलं चिमूटभर मीठ आणून त्याच्या स्वच्छ पाण्यात टाकलं आणि सळ्या पुन्हा सोडायला सांगितल्या. तो आढेवेढे घ्यायला लागला, तेव्हा तुझ्या दादांनी बटण दाबलं. तोही पेला तपकिरी झाला. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि सळ्यांचं लोखंड झिजून गाळ होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार उरत नाहीत, एवढीच जादू. शाळेत हे सगळ्यांनाच शिकवतात, तुलाही शिकवलं असेल. दुसरीकडे वेळ दिलीय म्हणत त्याने सामान आवरलं. यंत्रही मी त्याला परत न्यायला लावलं.

बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. बाटली मात्र अजून सुटलेली नाही. पाणी तपासायला दिलंय, त्यात जे निघेल ते बघून फिल्टर मी निवडीन. पण बाबांच्या मनात तू जे ओतलंस ते कशाने गाळू, तेवढं उलट टपाली कळव.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

वहिनी

दि. १३ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीने हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते उघडून वाचलं आणि माझी चिठ्ठी त्याच पाकिटात घालतोय. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझे पेले आणि सळ्या आता पुरे. फिल्टर कोणता घ्यायचा ते वहिनी ठरवेल. या घरात पाणी तीच भरते. तू शनिवारच्या गाडीने ये. लांबून माफीची पत्रं लिहून सुटायचं नाही. घरात पाऊल टाकलंस की बसायच्या आधी तिच्याकडे पाणी माग.

मी आज दुपारी मागितलं. तिने तांब्या माझ्यापुढे असा आदळला की अर्धं पाणी सांडलं. उरलेलं मी प्यायलो आणि तांब्या पुन्हा पुढे केला. तो तिने काठोकाठ भरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तू तयारीने ये.

बाबा