कपडे वाळवण्याच्या यंत्राला जिनिंग समजून लावलेले सील काढण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
यंत्र सुरक्षा व परवाना कक्ष,
अकोला.

अर्जदार : पंचफुला शेषराव नवलकार, वय अंदाजे पंचाहत्तर, व्यवसाय घरकाम, रा. जुने शहर, अकोला.

विषय : माझ्या घरातील कपडे वाळवण्याच्या यंत्राची नोंद 'विनापरवाना जिनिंग' (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) अशी झाली असून ती दुरुस्त करून सील काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मागील कार्तिकात आपल्या निरीक्षक साहेबांनी केलेला पंचनामा.
२) आपल्या कक्षाच्या दोन नोटिसा व त्यांचे स्मरणपत्र.
३) मे महिन्यात आपल्या कक्षात मला मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्ज करते की, माझे पती श्री. शेषराव नवलकार अर्धांगवायूच्या झटक्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांच्या चादरी दिवसातून अनेकदा बदलाव्या लागतात. डॉक्टरांनी बजावले आहे की त्यांची पाठ कोरडी राहिली पाहिजे. ओल राहिली तर जखम होते आणि या वयात ती भरत नाही. पुढे या अर्जात बरेच काही येईल. साहेबांना वेळ नसल्यास एवढाच परिच्छेद वाचावा आणि सील काढण्याचा आदेश द्यावा.

२. वेळ असल्यास पुढीलप्रमाणे. अकोल्यात कपडे वाळवायला यंत्र आणले म्हणून गल्लीत हसू झाले, हे मी नाकारत नाही. समोरचे कचोरीवाले बंडूभाऊ म्हणाले होते, "काकू, अकोल्याच्या उनात माणूस वाळून जाते, तुमाले कपड्यासाठी मशीन लागते का वो?" उन्हाळ्यापुरते त्यांचे बरोबर आहे. मे महिन्यात मी चादरीचे दुसरे टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते. परंतु श्रावणात झड लागली की सूर्य कोणत्या बाजूला उगवतो तेही विसरायला होते. त्या दिवसांत मी घरात दाराच्या कडीपासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी बांधून पंख्याखाली चादरी टाकत असे. चादरी वाळत नसत, फक्त घर ओले होई. माझी मुलगी वर्षाली पुण्याला दवाखान्यात नोकरीस आहे. ती आली, तिने वडिलांची पाठ पाहिली आणि परत जाऊन हे यंत्र पाठवले.

३. यंत्र कसे वापरायचे ते वर्षालीने मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले आहे. प्रत्येक वेळी जाळी काढून तिच्यावर साचलेला तंतूंचा थर साफ करावा, कारण तो पेट घेतो. यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊ नये. गरम हवा बाहेर नेणारा पाइप दबू देऊ नये. यंत्रावर व मागे काही ठेवू नये. तेल लागलेले कापड आत टाकू नये, धुतले असले तरी. या शेवटच्या नियमामुळे पतींच्या मालिशीची तिळाच्या तेलाची फडकी मी आजही दोरीवरच टाकते आणि ती आजही वाळत नाहीत. नियम मी तोडलेला नाही. कापसाबद्दल मात्र त्या कागदावर एक अक्षर नव्हते.

४. आता कापसाचे. माझे दीर जानराव अचलपूरकडे शेती करतात. गेल्या कार्तिकात अवकाळी पाऊस येऊन वेचणीचा कापूस भिजला. व्यापारी कापसात हात घालतो आणि हात ओला लागला की तोंड फिरवतो, हे आपणास माहीत असेलच. जानरावभाऊ आपल्या भावाला भेटायला एसटीने आले, तेव्हा जुन्या लुगड्यात कापसाचे गाठोडे बांधून घेऊन आले. एवढे वाळले तर बाकीचा टेम्पोने आणायचा त्यांचा विचार होता. मी नको म्हटले. ते म्हणाले, "वयनी, कपडा कायचा असते? कापसाचाच नं? मंग कपडा चालते तं कापूस काऊन नाई चालत?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. ते आपल्या कक्षानेही अद्याप लेखी दिलेले नाही.

कापूस टाकला. आत सरकीचा आवाज गारा पडल्यासारखा येऊ लागला. जाळी लगेच भरली. मी ती साफ करायला यंत्र थांबवले, साफ केली, पुन्हा भरली, पुन्हा थांबवले. मी पतींना पाणी पाजायला वळले तेवढ्यात जानरावभाऊंनी जाळीच काढून बाजूला ठेवली. "हे जाळीच तं कापूस अडवून राह्यली," असे त्यांचे म्हणणे पडले. त्यानंतर कापूस कुठेच अडला नाही. तो पाइपातून थेट गल्लीत गेला. बंडूभाऊंच्या चिंचेच्या चटणीवर बसला, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर बसला, आणि करपल्याचा वास आल्यावर मी भिंतीतला प्लग ओढला. काही पेटले नाही, कोणाला इजा झाली नाही. मिस्त्री बोलावून यंत्र आतून साफ करून घेतले, पाइप झाडला. जानरावभाऊंना चहा दिला आणि गाठोड्यासकट गाडीत बसवून दिले. माझ्या मते प्रकरण येथे संपायला हवे होते.

५. बंडूभाऊंनी रागाच्या भरात आपल्याकडे तक्रार दिली व तीत 'समोरच्या घरात जिनिंग टाकली आहे' असे लिहिले. आपले निरीक्षक साहेब आले तेव्हा यंत्रात पतींच्या धुतलेल्या चादरी होत्या आणि ते नुकतेच सुरू केले होते. साहेबांनी विचारले, "यातून काय निघालं?" मी खरे ते सांगितले, कापूस. "टाकलं काय होतं?" कापूस. "सरकी वेगळी निघाली का?" तळाशी दोन-चार सापडल्या होत्या, तेही मी सांगितले. ते म्हणाले, "मंग झालीच नं जिनिंग."

मी उतारवयात, गावच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकले. त्यामुळे हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची मला सवय आहे. निरीक्षक साहेबांनी शाईची डबी पुढे करून म्हटले, "आजी, वाचून काय करता, लावा अंगठा." मी वाचून सही केली. पंचनाम्यात चादरींना 'पांढरा माल' म्हटले आहे. तो शब्द चूक आहे असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "तुमी अर्ज करा, दुरुस्त होऊन जाते." त्यानंतर त्यांनी यंत्राचे दार आणि जाळीचा खण दोन्हींवर फीत बांधून लाखेचे सील लावले. चादरी आतच राहिल्या. त्या ओल्या आहेत असे मी सांगितले, तेव्हा 'माल आहे त्या स्थितीत राहील' असा शेरा त्यांनी लिहिला. तो काही पाळला गेला नाही. माल आहे त्या स्थितीत राहिलेला नाही, हे बंद दारातूनही वासाने कळते.

६. आपल्या पहिल्या नोटिशीप्रमाणे मी वाळूच्या बादल्या भरून लाल रंगवून ठेवल्या. 'धूम्रपान करू नये' अशी पाटी लावली. आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही, तरी लावली. पुढील पाहणीस आलेल्या निरीक्षक साहेबांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यांनी पाटी वाचली, समाधान व्यक्त केले आणि वाळूच्या बादलीत थुंकले. नियमात बसत असल्यास हरकत नाही.

दुसऱ्या नोटिशीत कापसाचा साठा यंत्रापासून पंधरा मीटर दूर हलवण्याचा आदेश आहे. घरात कापूस नाही असे मी कळवले. त्यावर निरीक्षक साहेबांनी पतींच्या खालची गादी दाबून पाहिली व ती कापसाची असल्याने साठ्यात धरली. मी दोरीने अंतर मोजले. आमचे घर पुढून मागपर्यंत तेवढे लांब नाही. दोरीचे टोक गल्ली ओलांडून बंडूभाऊंच्या कढईपाशी येते. उकळत्या तेलाजवळ कापसाची गादी आणि गादीवर माझे पती ठेवणे जास्त धोक्याचे आहे असे मला वाटते. तथापि आपला आदेश कायम असल्यास बंडूभाऊंना आपल्या स्तरावरून कळवावे, म्हणजे ते बाक हलवून जागा करतील.

७. स्मरणपत्रासोबत आणखी एक कागद आला. 'पाहणीच्या वेळी एक कामगार यंत्राशेजारी झोपलेला आढळला. सदर कामगाराने खुलासा सादर करावा.' सदर कामगार माझे पती आहेत. ते तिथे कामावर नसून तिथेच असतात. आपला कागद मी त्यांना वाचून दाखवला आणि काय लिहू असे विचारले. झटक्यापासून ते फार थोडे बोलतात. ते म्हणाले, "ओलं लागून राह्यलं." खुलासा म्हणून एवढाच सादर करत आहे.

८. बंडूभाऊंचा राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. ते माझ्याबरोबर आपल्या कक्षात आले व म्हणाले, "साहेब, म्या जिनिंग मजाकीत लिवलं होतं. चटणीत कापूस पडला, एवढंच झालं." आपल्या लिपिकांनी शांतपणे समजावून सांगितले की, तक्रार मागे घेता येईल, परंतु त्यासाठी जिनिंग बंद केल्याचा दाखला जोडावा लागेल. बंद केल्याचा दाखला फक्त परवानाधारक जिनिंगला मिळतो. म्हणजे मला आधी जिनिंग काढावी लागेल. परवान्यासाठी यंत्राची चाचणी लागते, चाचणीसाठी जाळी साफ असावी लागते, आणि जाळी आपल्या सीलाखाली आहे. बाहेर आल्यावर बंडूभाऊ पायरीवर बसले. मग म्हणाले, "काकू, मजाक तं आपल्यालेच भारी पडली." तेव्हापासून ते आम्हाला कचोरीचे पैसे घेत नाहीत, आणि मला कचोरी पचत नाही.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी चादरी उन्हात वाळवल्या. तरीही पाऊस येईल हे जाणून मे महिन्यात पुन्हा आले. आपल्या कक्षात मला उत्तर मिळाले, "आजी, केवढं ऊन आहे बाहेर! यात काय अर्जंट आहे?" त्या वेळी काही अर्जंट नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

९. आता झड लागली आहे. दाराच्या कडीपासून कपाटापर्यंत पुन्हा दोरी बांधली आहे. परवा चादर बदलताना पतींच्या कमरेखाली कातडी लाल झालेली दिसली. काल ती जागा मोठी झाली होती. वर्षालीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, सील तोडून टाक, मी भरते जो होईल तो दंड." मी तिला सांगितले की तुझ्या बापाने जन्मभर सरकारचा कागद कपाळाला लावून ठेवला, आधी अर्ज करते. तो हा अर्ज.

१०. तरी विनंती आहे की, यंत्राची जिनिंग ही नोंद रद्द करून आपल्या माणसाच्या हातून सील काढून द्यावे. असा माणूस रविवारपर्यंत आला नाही, तर येत्या सोमवारी सकाळी मी स्वतः सील काढीन, हे आधीच लेखी कळवत आहे. लपूनछपून काही करणार नाही. काढल्यानंतर जाळी साफ करीन. पाइपाच्या तोंडाशी चिमणीने घरटे केले होते, पिल्ले उडून गेली आहेत, त्या काड्या काढीन. मिस्त्री येऊन पाहून जाईल. मगच प्लग लावीन, आणि यंत्र चालू असेपर्यंत त्याच्याजवळून उठणार नाही.

आतल्या चादरी मात्र आधी पुन्हा धुवाव्या लागतील. ओली चादर एकट्या माणसाला पिळता येत नाही. एकाने एक टोक धरून उजवीकडे फिरवायचे, दुसऱ्याने डावीकडे. आमच्या घरी दुसरे टोक माझे पती धरत असत. पंचनाम्यासाठी सोमवारी माणूस पाठवणार असाल, तर कृपया हाताने धड असा पाठवावा.

कळावे, चूकभूल असल्यास लेखी कळवावी,

अर्जदार
(सही) पंचफुला शेषराव नवलकार
जुने शहर, अकोला
दि. ६ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) दोन्ही नोटिसा व स्मरणपत्राची प्रत.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) बंडूभाऊंचे तक्रार मागे घेत असल्याचे पत्र (तेलाचा डाग त्यांचा आहे).
४) लाखेचे सील : सोमवारी काढल्यावर टपालाने पाठवण्यात येईल.