न दाखवलेला डोह

प्रिय ठमे,

तू रविवारी येतेयस, मंडळाच्या बैठकीत उभी राहून सगळ्यांची माफी मागणार आहेस आणि परत जाऊन राजीनामा देणार आहेस, हे तुझ्या बाबांनी मला सांगितलं. सांगताना ते पाठमोरे उभे होते, खिडकीची कडी नीट लागते का ते बघत. कडी उत्तम लागते. मी पडद्यांच्या ढिगात बसले होते. एका हॉटेलची ऑर्डर आहे, कापड इतकं जाड की मशीन कुरकुरतं. तेव्हाच मी ठरवलं की तुला पत्र लिहायचं, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी असतो आणि ते हल्ली खुर्चीतून फारसे उठत नाहीत. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची तुझी खोड आहे, ती या वेळी आवर.

घरची खबर म्हणशील तर चांगलं काही नाही. बाबा नदीवर जायचे थांबलेत. गळाच्या दांड्या दारामागे आहेत, मी शिवलेल्या गवसणीत. लिफ्टचं काम करत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत घराबाहेर पडणारा माणूस, आता चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसतो. मधूनच उठून घरातली न बिघडलेली वस्तू खोलून दुरुस्त करतात. परवा माझी इस्त्री खोलली. ती आता खरंच बिघडली आहे. मी ओरडले नाही, यावरून काय ते समज.

वर्गणीचा विषय पहिल्यांदा निघाला तो आपल्याच बाहेरच्या खोलीत, तुला आठवत असेल. तुला महासंघात नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. तू नवीन बॅग घेऊन आली होतीस आणि बाबांच्या मासेमारी मंडळाने गळवाल्यांच्या राष्ट्रीय महासंघाचं सभासद व्हावं म्हणून घसा कोरडा करत होतीस. मंडळातला बेकरीवाला म्हणाला, मासा काय पावती बघून गळाला लागतो? चष्मेवाल्याचं म्हणणं, आम्ही कुणाकडे काही मागत नाही, मग आमच्या वतीने मागायला माणूस कशाला पोसायचा? बाबांनी तर कहरच केला. मी नदीवर जातो तो माणसं टाळायला, म्हणाले, आणि ही म्हणते पैसे भरून आणखी माणसं जमवा. सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

तू हसली नाहीस. तू म्हणालीस, कारखानदारांची संघटना आहे, होडीवाल्यांची आहे, वाळूवाल्यांचीसुद्धा आहे. नदीचं काय करायचं हे जिथे ठरतं तिथे त्या सगळ्यांना खुर्ची आहे, आणि तुम्ही तेवढे काठावर बसून राहता. मग तू कागद बॅगेत भरलेस आणि न जेवता गेलीस. दुसऱ्या दिवशी बाबा एकेकाच्या दुकानात गेले आणि सगळ्यांना पटवून आले. त्यांना महासंघ पटला होता असं मला वाटत नाही, पण तू पटली होतीस. मला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायचं आहे.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. पुलाच्या खालच्या अंगाला नदी वळते, त्या वळणापलीकडे, मुख्य धारेपासून बाजूला, उंच गवतात एक डोह आहे. त्याला नाव नाही, कारण नाव ठेवायचं तर कुणी त्याबद्दल बोलायला हवं. मंडळातल्या प्रत्येकाला तो माहीत होता आणि प्रत्येकजण तो फक्त आपल्यालाच माहीत असल्यासारखं वागायचा. झुडपाला टेकवलेली दुसऱ्याची सायकल दिसली की आल्या पावली मागे फिरायचं आणि त्याला कधी विचारायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. एवढे मोठे बाप्ये, पण जागेच्या बाबतीत एकजात कंजूष. बाबांनी मला लग्नानंतर एकदाच तिथे नेलं होतं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाशी मासे झुंडीने हलताना दिसत होते. बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मी लाजले होते, तेव्हा मला ते प्रेमाचं बोलणं वाटलं. तुला मात्र ते नेहमी पुलाच्या पायऱ्यांवरच घेऊन गेले. तू तिथे बोटभर मासा पकडलास आणि अख्ख्या गल्लीला दाखवत फिरलीस. पुलापाशी त्याहून मोठं काही लागत नाही, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

म्हणून तुमच्या महासंघाने ती पाहणीवाली पाठवली, तेव्हा काय झालं असेल ते आता तुझ्या लक्षात येईल. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडायचं ठरलं होतं. त्याचा नळ एकतर पुलाजवळ येणार किंवा खालच्या वळणावर. गळवाल्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं की तुमचे मासे कुठे आहेत, ते सांगा, ती जागा आम्ही वाचवू. हे तुझ्यामुळे झालं होतं, आणि भरलेल्या वर्गणीमुळे. पोरगी बिचारी भली होती. पायांपेक्षा मोठे बूट, खांद्याला जड पिशवी. रोज एकेका सभासदाबरोबर काठाने हिंडायची. मी तिला पाव आणि उकडलेली अंडी बांधून द्यायचे. बाबांची पाळी आली त्या दिवशी दोघं संध्याकाळी परत आली. तिने माझ्याकडे चहा घेतला आणि म्हणाली, काकू, काकांनी पुलापाशी फार छान जागा दाखवल्या.

डोहाकडे जाऊन आले की बाबांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं लागतात. इतकी वर्षं ती मी वेचली आहेत, माझ्याइतकी त्या वाटेची ओळख कुणाला नसेल. त्या दिवशी पँट इस्त्रीतून काढल्यासारखी होती. मी विचारलं, वळणावर नाही नेलंत तिला? म्हणाले, तिकडे बाकीच्यांपैकी कुणीतरी नेलं असेलच, माझी जागा मी कशाला उघडी करू? मला ते खरं वाटलं. बाकीच्यांच्या पँटा काही माझ्याकडे नव्हत्या.

मग तुझा फोन आला. तू आनंदाने किंचाळत होतीस, बाबा, जिंकलो, पुलाचा सगळा भाग वाचवला! महासंघाने जीव तोडून बाजू मांडली आणि जिथे बोटभरापेक्षा मोठा मासा लागत नाही ती जागा सोडवून घेतली. नळ वळणावर आला. बाबांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता. ते फक्त वा, वा म्हणत होते. मग फोन मी घेतला, तू म्हणालीस की बाबांचा आवाज भरून आलाय, आणि मी हो म्हटलं.

पाणी सोडल्यावर काय झालं ते तू फोटोत पाहिलंस. मी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. मासे उताणे पडले होते, काठाला थरच्या थर, आणि डोहाचं पाणी जांभळं झालं होतं. वासाने मला उभं राहवेना. बाबा माझ्यामागे गवतात उभे होते, पुढे आलेच नाहीत.

त्यानंतरच्या बैठकीत मी चहा घेऊन आत गेले. तेवढ्यात चष्मेवाल्याने विचारलं, वळणावर कोण घेऊन गेलं होतं तिला? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं तू, मला वाटलं तो, असं एकेकाच्या तोंडून बाहेर पडलं. मला वाटलं आता हे रडतील, निदान एकमेकांच्या अंगावर तरी धावून जातील. पण चहा संपायच्या आत बेकरीवाला म्हणाला, ती पोरगी वळणावर स्वतःहून का नाही गेली? तिचं कामच होतं ते. आणि ठमे, तुला सांगते, खोलीत एकदम हवा आल्यासारखं झालं. सगळ्यांचे खांदे सैल पडले. वर्गणी भरून काय मिळालं, इथपर्यंत बोलणं गेलं. महासंघाने पाहणी धड केली नाही अशी तक्रार तिथेच तयार झाली आणि तिच्याखाली बाबांचीही सही आहे. त्या तक्रारीवरून त्या मुलीला कामावरून काढलं, आणि तिला पाठवणारी तू, म्हणून आता तू स्वतःला शिक्षा करून घ्यायला निघाली आहेस. त्या मुलीला परत घेता आलं तर बघ. डोहाचं काही होणार नाही. नळ बंद करायला आता कुणी तयार नाही, आणि मंडळाने वर्गणी थांबवल्यामुळे त्यांच्या वतीने विचारायलाही कुणी उरलेलं नाही.

मी बाबांना म्हटलं, पोरीला खरं सांगा. म्हणाले, सांगून पाणी परत येणार आहे का? पुन्हा एकदा म्हटलं, तर त्यांनी इस्त्री खोलायला घेतली.

हे सगळं मी आता लिहिते आहे ते काही फक्त तुझ्या मनावरचा भार उतरावा म्हणून नाही. मला भीती रविवारची आहे. तू माफी मागशील तेव्हा बेकरीवाला खाली बघेल, चष्मेवाला चष्मा पुसत बसेल आणि मग सगळे बाबांकडे बघतील. या माणसाबरोबर मी जन्म काढला आहे, मला माहीत आहे पुढे काय होईल. ते उठतील, तुझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, जाऊ दे बाळा, चुकतं माणसाचं. तू रडशील, तुला हलकं वाटेल. मी कपांचा ट्रे घेऊन दारात उभी असेन. डोह गेला ते मी पाहिलं, त्यांनी ती सही केली तेही सोसलं. पण त्यांनी तुला माफ केलेलं मला बघवणार नाही. त्यानंतर या घरात त्यांच्यासमोर ताट वाढणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून सांगते, ठमे, रविवारी येऊ नकोस.

तुझीच,
आई