सीताफळं संपल्यावर

साणंद, १२ ऑक्टोबर

प्रविण,

नाव ठेवायला तुझी वहिनीच सापडली व्हय तुला? 'वनमाला रबडी'! फोनवर हेच विचारलं तर म्हणलास, "दादा, तुझ्या नावाची गहिनीनाथ रबडी कोण खाईल रं?" मागून तीबी हसली. म्हणून लिहितोय, फोनवर माझा आवाज चढतो. आई-अण्णांना नमस्कार. मी बरा हाय.

चौसाळ्याला हायवेवर तुझ्या टपरीपुढं गाड्या थांबतात, लोक माझ्या बायकोचं नाव घेऊन कप मागतात, अन् मला ते गावातल्या पोरांच्या स्टेटसवर कळतं. फोटोत तू कप भरतोस, ती झाकण लावती. लई हसती. माझ्यासंग लग्नातबी एवढी हसली न्हवती.

इथं कंपनीत पेरूचं सरबत निघालं होतं. केवढा गाजावाजा! दुकानांतून मागणी आली न्हाई, बंद केलं. तरी दर खेपेची एक बाटली कपाटात ठेवतात, तारीख संपेपर्यंत. मधून मधून उघडून चाखतात, चव टिकली का बघायला. त्या बाटल्या पुसायचं काम माझ्याकडं. बंद पडलेल्या मालाला कुणी विचारत न्हाई, पण पुसायच्या.

तुझी रबडीबी दिवाळीनंतर बंद पडंल असं मी धरून चाललो होतो. वनमाला म्हणली होती, "सीताफळं संपली की येते." मी इथं खोली घेतली. भिंती पोपटी रंगवल्या, तिला आवडतो तसल्या. अन् आता तू विचारतोस, सीताफळाचा गर वर्षभर टिकवायचा कसा, अन् तापवला की कडू कशानं होतो?

तुझा मेसेज तसाच ठेवला. म्हणलं, होऊ दे कडू.

पण कपावर नाव तिचं हाय. तिचं नाव घेऊन कुणी तोंड वाकडं करावं, हे मला चालणार न्हाई.

तर ऐक. गर तापवायचाच न्हाई. दूध आटवून पुरतं गार झाल्यावर घालायचा. उरलेला बिया काढून पिशव्यांत भर, हवा दाबून काढ, लगेच गोठव. घरच्या फ्रिजात जमत न्हाई, मोठा डीप फ्रीजर लागतो. दर खेपेची एक पिशवी बाजूला ठेव, मधून मधून चाखायची. तू न्हाई, तिला चाखू दे.

ही चिठ्ठी तिला वाचून दाखव. पोपटी भिंतींचंबी वाच, गाळू नको.

पैसे तिच्या खात्यात टाकतोय, तुझ्या न्हाई. फ्रीजरचा विसार द्यायचा का इकडचं तिकीट काढायचं, तिचं तिनं ठरवावं. मी विचारणार न्हाई.

तुझा दादा,
गहिनीनाथ

ता. क. टाकलेत ते रुपये नऊ हजार.